हॉटेलातला हीट लॅम्प: आधी काय मोजायचं, मग काय घ्यायचं

हॉटेलवाल्यांच्या तीन तक्रारी सारख्या कानावर येतात. लॅम्प लावूनही भजी मऊ पडतात. बोंबील वरून करपल्यासारखा होतो आणि आतून गारच राहतो. बल्ब बघता बघता जातो. बहुतेक वेळा तिन्हींचं मूळ एकच असतं. लॅम्प आधी विकत घेतलेला असतो, आणि त्याच्याखाली काय ठेवायचं, किती वेळ, किती उंचीवरून, हे नंतर ठरलेलं असतं. लोहार चाळीतून दिसायला देखणी पितळी शेड आणायची आणि मग ती टांगायला जागा शोधायची, हा क्रमच उलटा आहे.

खालचा क्रम गिरगावातल्या छोट्या खानावळीला चालतो तसाच अंधेरीतल्या बुफेलाही चालतो. पायऱ्या गाळू नका, आणि तिसरी व सातवी तर मुळीच नको. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एक गोष्ट पक्की धरून पुढे चला. हीट लॅम्प अन्न तापवत नाही, तापलेलं अन्न तापलेलं राखतो. गार झालेला वडा लॅम्पखाली ठेवून गरम करणं हा वेळ वाचवण्याचा उपाय नाही, तो आजारपणाला दिलेला मोका आहे. खाद्यपदार्थ नियामक एफएसएसएआयच्या केटरिंग तपासणी यादीतही लॅम्पखाली ठेवून अन्न पुन्हा गरम करू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

पायरी १: पदार्थ वेगळे काढा

कागद घ्या. मेन्यूतले जे पदार्थ तयार झाल्यावर गिऱ्हाइकापर्यंत जाण्याआधी थांबतात, तेवढेच लिहा. कढईतून थेट प्लेटीत जाणाऱ्या पदार्थाला लॅम्पची गरज नाही. आता या यादीचे दोन भाग करा.

कोरडं आणि उथळ अन्न लॅम्पखाली बरं टिकतं. बटाटेवडा, कांदाभजी, कोथिंबीर वडी, फ्रेंच फ्राइज, रव्यात तळलेली सुरमई, कोळंबी, तंदुरी चिकन, पिझ्झाचे तुकडे यात येतात. पासवर, म्हणजे भटारखान्यातून वेटर प्लेटी उचलतो त्या ओट्यावर, वेटरची वाट बघणाऱ्या भरलेल्या प्लेटीही यातच.

ओलं आणि खोल भांड्यातलं अन्न टिकत नाही. डाळ, आमटी, उसळ, मटणाचा रस्सा, भात हे सगळं दुसऱ्या भागात टाका. लॅम्पची उष्णता वरून येते आणि वरच्या थरातच अडकते. खोल पातेल्यातल्या आमटीवर लॅम्प लावला तर वर साय धरते, कडा सुकतात आणि तळाची आमटी कोमट होत जाते. या पदार्थांना बेन मेरीच हवी, म्हणजे भांडी गरम पाण्यात बसवून खालून ऊब देणारी सोय. पोळी, भाकरी आणि घावनही लॅम्पखाली ठेवू नका, काही मिनिटांत कडक होतात. त्यांना फडक्यात गुंडाळून झाकणाच्या हॉटपॉटमध्येच जागा द्या.

भाताबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यात निष्काळजीपणा फार होतो. बॅसिलस सिरिअस या जंतूची बीजं भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ती उगवतात आणि विष तयार करतात, आणि हे विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. त्यामुळे कोमट भाताच्या परातीवर लॅम्प लावून निर्धास्त होऊ नका.

इशारा: ओल्या नारळाची चटणी, हिरवी चटणी, मेयोनीज, सोलकढी, कोशिंबीर यांना लॅम्पच्या झोतापासून दूर ठेवा. वड्याच्या ट्रेला लागून चटणीचं भांडं ठेवण्याची सवय बऱ्याच काउंटरवर दिसते. तिथे वड्याला मिळते त्याहून कमी, पण चटणी आंबायला पुरेशी ऊब चटणीला मिळते.

पायरी २: थर्मामीटर आणा, आकडे ठरवा

लॅम्पच्या आधी ही खरेदी करा. अन्नात खुपसायचा सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. बंदुकीसारखा दुरून मोजणारा थर्मामीटर फक्त पृष्ठभाग मोजतो. लॅम्पखाली पृष्ठभाग नेहमीच तापलेला असतो, त्यामुळे तो खोटा दिलासा देतो. चकचकीत स्टीलवर तर तो आणखीच चुकतो.

थर्मामीटर खरा आहे का ते घरीच बघा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात सळई धरली तर शून्य अंश दिसायला हवं. उकळत्या पाण्यात शंभर दिसायला हवं. मुंबई समुद्रसपाटीलाच असल्याने इथे उंचीची वजाबाकी करावी लागत नाही. एखाद्या अंशाचा फरक चालेल, तीन-चार अंशांचा असेल तर बदलून घ्या.

आता आकडे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. एफएसएसएआयच्या यादीप्रमाणे गरम शाकाहारी अन्न ६५ अंशांवर आणि मांसाहारी अन्न ७० अंशांवर राखायचं असतं. गार झालेलं अन्न पुन्हा गरम करायचं तर ते आचेवर, आतपर्यंत ७५ अंश आणून, किमान दोन मिनिटं तिथे ठेवून. हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून भटारखान्याच्या भिंतीवर लावा.

तपासा: पदार्थ लॅम्पखाली येताना आतून किती गरम आहे? बटाटेवड्याने इथे अनेकांना फसवलं आहे. सारण आधीच करून ठेवलेलं असतं, कधी फ्रिजमधून थेट आलेलं असतं. कढईत कवच सोनेरी होईपर्यंत मधलं सारण पुरेसं तापेलच असं नाही. वडा कढईतून काढल्या काढल्या सळई बरोबर मध्यापर्यंत घाला. आकडा ६५ च्या खाली असेल तर दोष लॅम्पकडे शोधू नका. सारण आधी बाहेर तव्यावर गरम करून घ्या, वडे थोडे लहान करा किंवा आच जरा कमी ठेवून जास्त वेळ तळा.

पायरी ३: जागा मोजा, वारा बघा

टेप घेऊन तीन मापं घ्या: काउंटरची लांबी, खोली, आणि काउंटरपासून वरच्या फळीपर्यंत किंवा छतापर्यंतची मोकळी उंची. चौथं माप सगळे विसरतात, ते म्हणजे तुमच्या सगळ्यात उंच प्लेटीची किंवा रचलेल्या ट्रेची उंची. लॅम्पचं अंतर अन्नाच्या माथ्यापासून मोजायचं असतं, काउंटरपासून नाही.

मग वारा. मुंबईतली बरीच हॉटेलं समोरून उघडी असतात, आत भिंतीवरचा पंखा फिरत असतो, एसी असेल तर त्याचा झोत नेमका पासवर येतो. लॅम्पची उष्णता किरणांनी खाली येते, वाऱ्याने अडत नाही. पण तापलेल्या अन्नावरची ऊब वारा सतत पळवत राहतो. पावसाळ्यात तर दमट हवा तळलेल्या कवचात शिरते, म्हणून वारा आणि ओल दोन्हींशी झुंजावं लागतं.

तपासा: ऐन धंद्याच्या वेळी, पंखे, एसी आणि एक्झॉस्ट सगळं चालू ठेवून, काउंटरवर एक उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर जागा चांगली. धूर आडवा पळाला तर एक तर जागा बदला, पंख्याची दिशा वळवा किंवा काउंटरच्या दोन बाजूंना काच बसवा. हे न करता नुसते वॅट वाढवले तर अन्न वरून सुकेल, आतून गारच राहील.

वरचं छत काय आहे तेही बघा. पीओपी, सनमायका, प्लायवुड, प्लॅस्टिकचा फलक यांच्या लगत लॅम्प नको. किती अंतर सोडायचं ते कंपनीच्या पत्रकात दिलेलं असतं आणि ते पाळायचंच. मॉलमध्ये किंवा नव्या इमारतीत गाळा असेल तर स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी सोडणारी तोटी, कुठे आहे ते शोधा. लाल काचेचा नेहमीचा स्प्रिंकलर ६८ अंशांना फुटतो. त्याच्या खालोखाल लॅम्प टांगला तर एखाद्या शनिवारी रात्री सगळ्या काउंटरवर पाणी कोसळेल.

पायरी ४: आता प्रकार निवडा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

टांगता बल्ब लॅम्प. शेडमध्ये २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब, वायर वर-खाली करता येते. एक बल्ब साधारण एका मोठ्या प्लेटीएवढी जागा नीट तापवतो, कडेला ऊब झपाट्याने उतरते. बुफेमध्ये, गिऱ्हाइकासमोर, एखाद्या कापून वाढायच्या पदार्थासाठी हा उत्तम. लांब पासवर मात्र दोन बल्बांच्या मध्ये थंड पट्टे राहतात.

धातूच्या सळईची पट्टी. लांबट पत्र्याच्या खोक्यात तापणारी सळई आणि वर परावर्तक. संपूर्ण लांबीवर ऊब सारखी पडते, काच नसते, धक्के सोसते. छोट्या हॉटेलच्या पाससाठी आणि वडे-भजीच्या काउंटरसाठी माझी पसंती हीच. बल्ब लॅम्पइतकी देखणी नसते, पण भटारखान्यात देखणेपणाचं काम नाही. तापायला मात्र वेळ लागतो, धंदा सुरू होण्याआधी १५ ते २० मिनिटं चालू करावी लागते.

क्वार्ट्झ नळीची पट्टी. क्षणात तापते, झोत तीव्र असतो. ज्या पासवर प्लेटी मिनिट-दोन मिनिटंच थांबतात तिथे सोयीची. नळी नाजूक असते आणि पाण्याचा थेंब उडाला तर तडकू शकते, म्हणून तिच्यापुढे जाळी असलेलीच घ्या.

यातला कुठलाही प्रकार घेतला तरी पदार्थ वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असेल तर एकट्या लॅम्पवर भिस्त ठेवू नका. खालून तापणारं काउंटर हवं. स्टीलच्या थंड ओट्यावर ठेवलेला ट्रे खालून ऊब सोडत राहतो आणि वरचा लॅम्प ती भरून काढू शकत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी तळ तापवायची सोय करा, लॅम्प त्यानंतर.

पायरी ५: बल्ब घेताना

बल्बचा लॅम्प ठरला असेल तर चार गोष्टी दुकानातच बघा.

व्होल्टेज. आपल्याकडे २३० व्होल्ट. परदेशी साइटवरून मागवलेले ११० किंवा १२० व्होल्टचे बल्ब इथे लावले की जागच्या जागी जातात, कधी फुटतात.

होल्डर. हे बल्ब बहुधा ई२७ म्हणजे चुडीचे असतात. घरातला पिनचा होल्डर चालत नाही, आणि बॅकेलाइटचा किंवा प्लॅस्टिकचा होल्डर तर मुळीच नको, प्लॅस्टिक वितळतं आणि बॅकेलाइट करपून तडकतं. चिनी मातीचाच घ्या.

काच. अन्नावर टांगायच्या बल्बला फुटल्यावर काच धरून ठेवणारं आवरण हवं. इथे एक चूक सर्रास होते. औषधांच्या दुकानात कंबरदुखीसाठी मिळणारा लाल इन्फ्रारेड दिवा, किंवा कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा २५० वॅटचा बल्ब स्वस्त पडतो म्हणून आणला जातो. ऊब तेही देतात, पण साध्या काचेच्या बल्बवर ओल्या झाऱ्याचे शिंतोडे उडाले आणि तो तडकला तर काचा थेट ट्रेमध्ये. तेवढा अख्खा ट्रे टाकावा लागतो, आणि एखादा बारीक तुकडा नजरेतून सुटला तर पुढचं न बोललेलं बरं. आवरणाचा बल्ब मिळाला नाही तर सळईची पट्टी घ्या.

रंग. लाल बल्बखाली मांस रसरशीत दिसतं, म्हणून तो लोकप्रिय आहे. पण त्याच लाल उजेडात तंदुरी चिकनचा कच्चा गुलाबी भागही खपून जातो. आचारी किंवा मॅनेजर जिथे प्लेट तपासतो त्या पासवर पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावा. लाल लावायचाच तर बुफेत.

इशारा: बल्ब गेला की तात्पुरता म्हणून पिवळा एलईडी लावला जातो. उजेड तसाच दिसतो आणि ऊब जवळपास शून्य. काउंटरवरच्या पोराला वाटतं लॅम्प चालू आहे. एक जादा बल्ब कायम कपाटात ठेवा.

पायरी ६: विजेचा हिशेब

२५० वॅटचे चार बल्ब म्हणजे १००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर. सहा बल्ब म्हणजे ६.५ अँपिअर, ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटच्या बाहेर. त्याच सॉकेटवर मिक्सर आणि बिलिंगचं मशिनही असतं, हे धरून चला. लॅम्पसाठी स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. भटारखान्यात फरशी ओली असते, हात ओले असतात, म्हणून यात काटकसर नको.

नेहमीची पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतचीच असते. शेडच्या आत आणि लगतच्या भागात उष्णता सोसणारी, सिलिकॉनची किंवा काचधाग्याच्या आवरणाची वायर हवी. वायरमनला हे आधीच सांगा. न सांगितल्यास तो जवळ असेल ती वायर जोडून मोकळा होतो, आणि काही महिन्यांत आवरण ठिसूळ होऊन गळायला लागतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

भार बराच वाढत असेल तर बिलावरचा मंजूर भार बघा आणि गरज असल्यास तो वाढवून घ्या. बेस्ट असो, अदानी, टाटा वा महावितरण, वीज व्यावसायिक दरानेच पडते. १००० वॅट रोज दहा तास म्हणजे दिवसाला १० युनिट, महिन्याला ३००. दुपारी चार ते सहा रिकामा काउंटर तापवत ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी ७: पक्कं बसवण्याआधी चाचणी

लॅम्प आधी साखळीवर किंवा तात्पुरत्या स्टँडवर टांगा. भोकं नंतर पाडा. बल्ब लॅम्प अन्नाच्या माथ्यापासून ४० सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करा. पट्टीचं अंतर कंपनीच्या पत्रकाप्रमाणे.

लॅम्प २० मिनिटं तापू द्या. ट्रेही त्याच्याखाली तापू द्या. मग तुमचा सगळ्यात अवघड पदार्थ घ्या. मालवणी हॉटेल असेल तर सुरमईचा जाड तुकडा घ्या. एक तुकडा लॅम्पच्या बरोबर खाली, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला आणि एक पुढच्या कडेला ठेवा. सळई सगळ्यात जाड भागात, मधल्या काट्याला न टेकवता घाला. काट्याला टेकली तर आकडा चुकतो. दर दहा मिनिटांनी चारही तुकड्यांचं तापमान लिहा, तासभर. पंखे आणि एसी रोजच्यासारखेच चालू.

कागदावरचे आकडे बोलतात. मधला तुकडा ७० च्या वर आणि कडेचे ६० कडे घसरतायत, तर लॅम्प कमी पडतोय किंवा ट्रे मोठा आहे. चारही हळूहळू घसरतायत, तर लॅम्प खाली आणा किंवा तळ तापवा. आतला आकडा ठीक आहे पण कवच अर्ध्या तासात तपकिरी पडून कडा वळायला लागल्या, तर लॅम्प फार जवळ आहे. दर वेळी पाच सेंटिमीटर वर-खाली करून पुन्हा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

ज्या जागी तापमान राहत नाही ती जागा काउंटरवर रंगाने किंवा पट्टीने आखून ठेवा. तिथे रिकाम्या प्लेटी ठेवा, अन्न नाही.

तपासा: ट्रेमध्ये जाळी आहे का? भजींचा ढीग थेट ट्रेच्या तळावर रचला तर खालच्या भजींची वाफ वर येते आणि सगळा ढीग ओला होतो. जाळीवर एकच थर ठेवा, झाकू नका. रद्दी वर्तमानपत्र तर तिथे नकोच. शाई अन्नात उतरते आणि लॅम्पखाली कागद पेटण्याची भीती वेगळीच.

प्लेटीही तपासा. धुऊन थंड पडलेली चिनी मातीची प्लेट गरम माशाची ऊब लगेच ओढून घेते. पट्टीच्या एका टोकाला दहा-बारा प्लेटी तापत ठेवल्या की हा प्रश्न सुटतो.

पायरी ८: रोजचा नियम

तापमान टिकलं तरी चव टिकतेच असं नाही. तळलेलं अन्न पंधरा-वीस मिनिटांनंतर उतरायला लागतं, फ्रेंच फ्राइज तर त्याहून लवकर. म्हणून थोडं थोडं तळा. प्रत्येक ट्रेवर तो कधी बाहेर आला ती वेळ मार्करने लिहा. नवा ट्रे जुन्यात ओतू नका, नाहीतर तळाशी तासांपूर्वीचे वडे राहतात आणि वेळेचा हिशेबच उरत नाही.

आतलं तापमान ६० च्या खाली गेलेला पदार्थ आढळला आणि तो कधी खाली गेला ते कोणाला माहीत नाही, तर टाकून द्या. नुकताच गेला असेल तर लगेच आचेवर ७५ पर्यंत नेऊन परत आणा, आणि तेही एकदाच. दुपारचे वडे संध्याकाळी पुन्हा तळून लॅम्पखाली ठेवणं बंद करा.

दिवसातून दोनदा, गर्दी सुरू होताना आणि गर्दीच्या ऐन मध्यात, एका ठरलेल्या माणसाने तापमान मोजून वहीत लिहावं. प्रत्येक मोजणीआधी आणि नंतर सळई निर्जंतुक करावी, विशेषतः माशातून काढून वड्यात घालण्याआधी.

रात्री लॅम्प बंद करून पूर्ण गार झाल्यावरच पुसा. तापलेल्या काचेला ओलं फडकं लावायचं नाही. परावर्तकावर तेलाची पिवळी पुटं चढली की ऊब कमी पडते, म्हणून आठवड्यातून एकदा ते साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा. चांगल्या बल्बच्या खोक्यावर आयुष्य साधारण ५००० तास लिहिलेलं असतं, म्हणजे रोज बारा तास चालवला तर वर्षभराहून थोडं जास्त. बल्ब लावल्याची तारीख होल्डरच्या शेजारी लिहून ठेवा. तारखेच्या मानाने तो फार लवकर गेला तर नवा लावण्याआधी वायरमनला बोलावून होल्डर आणि जोड तपासून घ्या.